नथूआबाचं दार

"साहेब, नथूआबाचं घर कोणत्या अंगाला?"

नंदुरबारच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून हेमकांतनं आजवर लोकांना काय काय सांगितलं नव्हतं! विसरवाडीची गाडी कुठं लागते, चिंचपाड्याच्या दवाखान्यासाठी कुठं उतरायचं, मुतारी कुठं, पाणी कुठं, मघाशी इथंच बसलेली आमची आत्या कुठं गेली. असल्या प्रश्नांना तो मान वर न करता उत्तरं द्यायचा, आणि विचारणाराही त्याच्याकडे न बघताच निघून जायचा. पण हा प्रश्न ऐकला आणि त्यानं मान वर केली. जाळीपलीकडे चाळिशीचा, काटक, काळासावळा माणूस उभा होता. धुतलेला पांढरा सदरा, खांद्यावर नवा पंचा, पायात धुळीनं भरलेल्या चपला. अक्कलकुव्याच्या गाडीतून आत्ताच उतरलेला दिसत होता. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. हेमकांतला वाटलं, कुणीतरी आपली फिरकी घ्यायला याला पाठवलाय. मग वाटलं, नाही, हा खराच विचारतोय, आणि तेच जास्त वाईट आहे. "कोण नथूआबा?" त्यानं विचारलं. आवाज उगाचच चिरका निघाला. "मोबाइलमधले, नंदुरबारचे," तो माणूस म्हणाला. "वारले ना काल. दुःखाला आलो, दारावर बसायला."

वारला होता तो लुसियाँ गार्नो, जुन्या सिनेमांतला विनोदी नट. फ्रान्समधल्या कुठल्याशा गावात, म्हातारपणानं, अंथरुणातच. हेमकांतनं सकाळी चहा पिताना ती बातमी फोनवर वाचली होती आणि चहा तसाच ठेवून तो ड्यूटीवर आला होता. रात्रपाळीच्या माणसाकडून चावी घेईपर्यंत जिल्ह्यातल्या सगळ्या ग्रुपांवर गार्नोचा फोटो फिरायला लागला होता. लांबोडकी हनुवटी, सुपाएवढे कान, दोन्ही बाजूंना समया, खाली झेंडूची फुलं, 'आमचे लाडके नथूआबा यांना भावपूर्ण श्रद्धांजली'. त्या फोटोत हेमकांतचं असं काहीच नव्हतं. पण नथूआबा हे नाव हेमकांतनं ठेवलेलं. ती कुरकुर, ती दर वाक्याअखेरीची 'हाऊ काय जमाना शे भो', ते शिंकण्याआधीचं लांबलचक कण्हणं, सगळं हेमकांतचं. मोबाइलवर व्हिडिओ टाकणाऱ्या नवनीतनं मिरचीच्या गोदामावरच्या खोलीत भिंतींना गाद्या ठोकून स्टुडिओ केला, गार्नोच्या जुन्या काळ्यापांढऱ्या सिनेमांतले तुकडे आणले, आणि हेमकांतनं ते अहिराणीत बोलायला सुरुवात केली. खालून मिरचीची खाट वर यायची. शिंका आवरत, डोळे पुसत तो गार्नोच्या ओठांकडे बघायचा आणि त्या ओठांत आपले शब्द बसवायचा. बघता बघता नथूआबा घराघरांत पोचला. लग्नात नथूआबा, निवडणुकीत नथूआबा, पोरं घरात बापाला नथूआबासारखी उत्तरं द्यायला लागली. व्हिडिओच्या शेवटी हेमकांतचं नाव यायचं, पण तोवर लोकांनी पुढचा व्हिडिओ लावलेला असायचा.

त्याचा चेहरा वाईट नव्हता. वाईट असता तर निदान कुणी चिडवलं तरी असतं. तो असा चेहरा होता की त्याच्याकडे बघताच माणसाला आपल्याला दुसरीकडे कुठंतरी बघायचं होतं हे आठवायचं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये सरांनी त्याला पडद्यामागं उभा केला आणि आकाशवाणी करायला लावली. कॉलेजात नाटक बसवलं तेव्हा सगळी पात्रं त्यानं पाठ केली, आणि ऐनवेळी कोण विसरलं तर विंगेतून सांगायला त्यालाच ठेवला. प्रकाशा गावाजवळच्या त्यांच्या खेड्यात वडील, बन्सीलाल, केळीच्या बागेत पाणी लावता लावता म्हणाले होते, "देवनी गळा दिधा शे ना तुले, मंग तोंड कसाले दाखाडस?" त्यात टोचून बोलण्याचा हेतू नव्हता, हे हेमकांतला आज कळत होतं. तेव्हा मात्र ते वाक्य त्याच्या हाडात जाऊन बसलं. पुढं एसटीत नोकरी लागली तीही या खिडकीत, भोंग्यामागं. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' असं तो शुद्ध मराठीत म्हणायचा आणि सगळा स्टँड लक्ष द्यायचा, भोंग्याकडे. गार्नोचं आयुष्य त्यानं कुठून कुठून वाचून काढलं होतं. खाटकाचा पोरगा, सर्कशीत घोड्यांचं शेण काढायचा, एकदा पाय घसरून त्याच शेणात पडला आणि तंबूभर लोक हसले. तिथून पुढं जन्मभर पडतच राहिला. वेटर होऊन पडला, शिडीवरून पडला, पिंपात पडला. उतारवयात एकदा त्यानं गंभीर नाटक केलं, मेलेल्या मुलाच्या बापाचं. पहिल्या प्रवेशात तो नुसता दारातून आत आला आणि लोक हसायला लागले. पुन्हा त्यानं तसलं काम केलं नाही. हे वाचलं तेव्हा हेमकांतला त्याची कीव यायला हवी होती. त्याला हेवा वाटला. नुसत्या तोंडाला हसतात लोक! दारातून आत आल्याबरोबर!

"घर नाही त्याचं इथं," हेमकांत जाळीतून म्हणाला. "तो फ्रान्सचा माणूस. परदेशातला. तिकडेच वारला." त्या माणसानं मान हलवली, जणू हे त्याला ठाऊकच होतं. "हा, ऐकलं. लांब गेले होते कामाला." हेमकांत समजावून सांगायला लागला की अरे बाबा, तो कामाला गेलेला नाही, तो तिकडचाच, त्याची भाषाच वेगळी. समोरच्यानं शांतपणे ऐकून घेतलं. त्याचं नाव इंद्रसिंग, अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला, वर्षातले सहा महिने गुजरातेत ऊसतोडीला जाणारा. तो म्हणाला, "कामच करतात की ते, साहेब. सगळ्या पिक्चरमध्ये. शिडी वाहतात, ताटं वाहतात, मुकादमाच्या शिव्या खातात. आमच्यासारखेच कपडे पण मापाचे नाही त्यांच्या अंगावर. कोणीतरी दिलेले." गार्नोचा तो ढगळ कोट बघून जगातल्या शहाण्या लोकांनी काय काय लिहिलं होतं, आणि हा म्हणतो कुणीतरी दिलेला. हेमकांतला राग आला. कुणाचा ते नीट कळत नव्हतं, म्हणून तो इंद्रसिंगवरच काढावा असं वाटलं. "बाजूला व्हा," तो म्हणाला, "मागं लोकं उभी शेतस." इंद्रसिंग बाजूला झाला आणि समोरच्या बाकावर जाऊन बसला, पंचा मांडीवर घडी करून. परत जायची त्याची काही लक्षणं दिसेनात.

तेवढ्यात नवनीतचा फोन आला. या फोनची हेमकांत गेले चार दिवस वाट बघत होता. नवनीत अहिराणीत सिनेमा काढणार होता, खरा, मोठ्या पडद्याचा, आणि मागच्या आठवड्यात मिरचीच्या धुरळ्यात शिंकत शिंकत तो म्हणाला होता, "हेमकांतभाऊ, या खेपले तुन्हंच तोंड." हेमकांतनं त्या रात्री आरशासमोर उभं राहून दाढी दोनदा केली होती. दीपमालेला, बायकोला, सांगितलं नव्हतं. सांगितलं तर फिसकटेल असं वाटत होतं. आता नवनीत एका दमात बोलत सुटला. "भाऊ, घोटाळा व्हयना. गावभर आबा गया, आबा गया चालू शे. विसरवाडीले फाट्यावर ब्यानर लाई दिधं लोकेसनी. तू आते एक काम कर, आबाना आवाजमा बोल, 'मी मरेल नही शे, भो, कोन म्हनस मरना?' अस काहीबी. आजच टाकनं पडी." हेमकांत म्हणाला, "आणि पिच्चर?" "पिच्चरच तर करनं शे! आते नथूआबानाच पिच्चर. मुखवटा सुरतथीन यी ऱ्हायना, रबरना, एकदम सेम टू सेम. तोच तू घालशी. तुन्हा आवाज, तुन्हं आंग, आखो काय जोयजे तुले?" हेमकांतनं फोन कानापासून थोडा लांब धरला. रबराच्या मुखवट्यात मे महिन्यात घाम कसा येईल, याचाच विचार आधी त्याच्या मनात आला. मग वय आठवलं. पन्नाशी उलटली. यानंतर कोण विचारणार? "तोंड मन्हंच व्हतं ना रे," तो म्हणाला. पलीकडून नवनीत अगदी मायेनं म्हणाला, "भाऊ, तुन्हं तोंड कोन वळखस?" खोटं बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

गाड्या येत होत्या, जात होत्या. हेमकांत घोषणा करत होता आणि एक डोळा त्या बाकावर ठेवून होता. वडील गेले तेव्हाचं त्याला आठवत होतं, जे तो सहसा आठवू देत नसे. गावच्या घरी ओट्यावर सतरंजी टाकलेली, पाहुणे डोक्याला रुमाल बांधून यायचे, बसायचे, जरा वेळानं उठायचे. तिसऱ्या दिवशी साक्रीकडचे कुणी लांबचे नातलग आले. शेवटचं कसं झालं, म्हणून त्यांनी विचारलं आणि हेमकांत सांगायला लागला की, रात्री पाणी मांगं, उठीसन बठनात, आणि... त्यांच्याबरोबरचा एक तरणा जावई फस्सकन हसला. लगेच तोंडावर रुमाल धरला, ठसका लागल्यासारखं केलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. सतरंजीवरच्या सगळ्यांना एकाच वेळी कळलं की हेमकांत नथूआबाच्या आवाजात बोलतोय. आणि हेमकांतला त्या क्षणी उलटंच कळलं. तो आवाज त्यानं वडिलांकडूनच उचलला होता. बन्सीलाल केळीच्या घडाकडे बघून असेच कुरकुरायचे, शिंकेआधी असेच कण्हायचे. इतकी वर्षं तो गार्नोच्या तोंडात आपला बाप घालत आला होता आणि जिल्हा हसत आला होता. त्या दिवसापासून मोकळेपणानं रडायचीही त्याला चोरी झाली. मग त्याचं स्वतःचं म्हणून उरलं काय? आवाज बापाचा, तोंड परक्याचं. मध्ये हा खिडकीत बसलेला माणूस, त्याला जाळीतून कुणी धड बघत नाही.

दुपार व्हायला आली तरी इंद्रसिंग हलला नाही. हेमकांतला राहवेना. त्यानं त्याला हाक मारून खिडकीशी बोलावलं आणि म्हणाला, "तुम्ही परत जा, बाबा. अहो, नथूआबा मीच आहे." इंद्रसिंग त्याच्याकडे बघत राहिला. "आवाज माझा. मी बोलतो, मग तो बोलतो." "तुम्ही त्यांचे कोण?" इंद्रसिंगनं विचारलं. "कोण म्हणजे? मीच तो!" आता हेमकांतचा तोल सुटला. नवनीतवरचा राग, जावयावरचा राग, गॅदरिंगच्या सरांवरचा राग, सगळा एकदम वर आला. त्यानं माइकचं बटण दाबलं आणि नथूआबाच्या आवाजात, कण्हत, कुरकुरत घोषणा केली: "अक्कलकुवा जानारी गाडी लागेल शे भो. बठनं व्हई तर बठा, नही बठनं व्हई तर तिले धक्का द्या. हाऊ काय जमाना शे!" सगळा स्टँड दचकला आणि दुसऱ्याच क्षणी खो खो हसत सुटला. पेरू विकणारी बाई टोपलीवर हात ठेवून हसली, कंडक्टर तिकिटाचं मशीन छातीशी धरून हसले, कॉलेजच्या पोरी एकमेकींवर रेलल्या. कुणीतरी ओरडलं, "आबा जिता शे रे!" टाळ्या पडल्या. आणि ती सगळी माणसं मान वर करून, छताखाली टांगलेल्या भोंग्याकडे बघत होती. एकानंही खिडकीकडे बघितलं नाही.

इंद्रसिंग तेवढा बघत होता. तो हसला नव्हता. त्याचे डोळे भरले होते. "साहेब," तो हळू म्हणाला, "आज तरी त्यांची नक्कल नका करू. माणूस आताच गेलाय." हेमकांतनं बटण सोडलं. नक्कल! आयुष्यात एकदाच कमावलेली गोष्ट, तिची नक्कल, तीही तोंडावर येऊन सांगितली, तीही रडवेल्या डोळ्यांनी, म्हणजे भांडायचीही सोय नाही. त्याला वाटलं, जाळीतून हात घालून याची गचांडी धरावी. पण इंद्रसिंग बोलत राहिला. जाळीच्या तारेला बोट लावून, खाली बघत. त्याचा धाकटा भाऊ आमशा बारडोलीकडे तोडीवर असताना तापानं गेला. ताप चढायच्या आदल्या संध्याकाळी अड्ड्यावर, तोडकऱ्यांच्या झोपड्यांपाशी, सगळ्यांनी मिळून मोबाइल बघितला होता, नथूआबा पिंपात अडकतात तो. आमशा हसून हसून आडवा झाला होता. दोन दिवसांनी त्याला तिकडेच जाळावं लागलं. "घराला कुलूप होतं," इंद्रसिंग म्हणाला. "आम्ही सगळे तिकडंच ना, बायापोरं सगळी. आमच्या पाड्यावर लोक बसायला आले. कुलूप बघितलं, परत गेले. कोणाच्या जवळ बसणार? आम्ही आलो तर होळी आली होती. मग कोणी आलंच नाही." त्यानं पंच्यानं नाक पुसलं. "म्हटलं, हा पण बाहेर मेला. याचं तरी दार उघडं असेल."

हेमकांतची ड्यूटी संपली होती. दुसरा माणूस येऊन खुर्चीमागं उभा राहिला होता. फोन थरथरत होता, नवनीतचाच. एवढं एक वाक्य बोललं की झालं, मी मरेल नही शे. मग मुखवटा, मग सिनेमा, मग थेटरच्या बाहेर चारपाच माणसांना तरी ठाऊक असणार की आत घाम गाळतोय तो हेमकांत. हेही काही थोडं नव्हतं. जन्मभर थोडक्यात भागवलेल्या माणसाला तर ते पुष्कळच होतं. त्यानं फोन खिशात टाकला, काढला, पुन्हा टाकला. जिवंत आहे म्हणावं तर हा जाळीपलीकडचा माणूस पुन्हा कुलूप बघून परत जाणार. मेला म्हणावं तर आपलंच दुकान उठणार. आणि कशासाठी? ज्याला आपला आवाजही ओळखता आला नाही, त्याच्यासाठी! हेमकांत स्वतःवर भयंकर चिडला. चिडूनच तो खिडकीबाहेर आला. "चला," तो म्हणाला, "माझे काका होते ते. आमच्याकडेच आहे दार."

घर जवळच होतं. दीपमाला दारातच भाजी निवडत बसली होती. नवऱ्याबरोबर पांढऱ्या सदऱ्यातला अनोळखी माणूस बघून ती उठली. हेमकांत नुसता "सतरंजी टाक ओट्यावर" म्हणाला. तिनं त्याला आत ओढलं. "कोन शे हाऊ? कोन गयं?" "नथूआबा." "काय येडा व्हयनात का तुम्ही?" ती कुजबुजली. "तो इंग्रज ना? त्यानं सूतक आपले?" तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिचा आवाज उतरला. "मंग चहा ठेऊ का नको ठेऊ? अशा येळले ठेवतस का?" "पानी दे," तो म्हणाला. तिनं सतरंजी काढली, झटकली, ओट्यावर टाकली. तांब्या ठेवला. शेजारच्या धनुबाई कुंपणावरून डोकावल्या. दीपमालेनं त्यांना मानेनंच खुणावलं की नंतर सांगते, आणि पदर डोक्यावर घेऊन ती चौकटीशी बसली. तिला काही कळलेलं नव्हतं, पण बसायचं कसं ते तिला ठाऊक होतं.

हेमकांतनं टॉवेल डोक्यावर घेतला आणि भिंतीला टेकून बसला. इंद्रसिंग समोर मांडी घालून बसला. रस्त्यावरून एक टेम्पो गेला. खिशातला फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मग इंद्रसिंगनं रीतीप्रमाणे विचारलं, "शेवटी कसं झालं?" आणि हेमकांत सांगायला लागला. गार्नोचं सांगत होता की बापाचं, हे त्याचं त्यालाही धड कळत नव्हतं. रात्री पाणी मागितलं. उठून बसले. बाहेर बघितलं. कोणाला काही त्रास दिला नाही. तोच आवाज, तीच कुरकुर, वाक्याच्या शेवटी तोच सुस्कारा. तो मध्येच थांबला आणि वाट बघू लागला, आता हा हसेल. इंद्रसिंग हसला नाही. तो मान हलवत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चौकटीशी दीपमालाही पदर तोंडाला लावून बसली होती. सासरा गेला तेव्हाही ती अशीच बसली होती. मग हेमकांतनं धरून ठेवलेलं सगळंच सुटलं आणि तो हुंदके देऊन रडायला लागला, ओट्यावर, भरदिवसा, गल्लीच्या देखत.

इंद्रसिंग सरकून जवळ आला. त्यानं हेमकांतच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. कपाळ, नाक, रडून वाकडी झालेली हनुवटी, एकेक निरखून. इतका वेळ त्या चेहऱ्याकडे कधी कुणी बघितलं नव्हतं. हेमकांतला ओशाळल्यासारखं झालं, पण त्यानं नजर वळवली नाही.

"मघाशी जाळीतून समजलं नाही," इंद्रसिंग म्हणाला. "काकांवरच गेलंय तुमचं तोंड. अगदी तेच."

हेमकांतनं टॉवेल कपाळापर्यंत पुढं ओढला, चेहरा मात्र उघडाच ठेवला, आणि म्हणाला, "आमच्या घरात सगळ्यांचंच असं आहे."